वास घ्यायची खोड

दूध डेअरीवर सात वर्षं काढली की नाक शहाणं होतं. कॅनचं झाकण उचलायचं, एकदा हुंगायचं आणि दूध नासलंय की चांगलंय ते सांगून मोकळं व्हायचं. माझं कधी चुकलं नाही. त्याच माजात मी नगरजवळच्या एका डेंटल कॉलेजच्या छोट्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

तिथं आमचे सर हिरडी वाढवत होते. खरंच सांगतो, बशीत! सुप्याच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई सायकलवरून तोंडावर आपटली होती. समोरच्या दोन दातांवरची हिरडी फाटून मुळं उघडी पडली होती आणि दात हलायला लागले होते. सरांनी तिच्याच गालाच्या आतून डाळीएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढायला ठेवल्या होत्या. त्यांचा पातळ पापुद्रा झाला की तो दातांवर बसवायचा. बशी एकच होती.

"थोडं कापून रंग लावला तर जिवंत आहे का ते लगेच कळेल," सर म्हणाले. "पण कापलं की संपलं. मग तिला काय लावायचं? हात न लावता तपासायचं."

म्हणजे बशी झाकणासकट मायक्रोस्कोपवर ठेवून खालून बघायची आणि पेशींना पोसणाऱ्या आतल्या पाण्याचा रंग वहीत लिहायचा. ताजं पाणी लाल असायचं. पेशी त्यातलं खाऊ लागल्या की ते पिवळं पडत जायचं. पिवळं पण स्वच्छ, म्हणजे झकास चाललंय. गढूळ झालं तर घात. झाकण मात्र सरांनीच उघडायचं, तेही काचेच्या बंद कपाटात, म्हणजे हवेतली बुरशी आत पडायला नको.

बाई दर आठवड्याला यायची. तोंडावर पदर धरून विचारायची, "भाऊ, वाढतंय ना वो माझं?"

"ताई, तुमच्यापेक्षा त्यालाच लई भूक हाय," मी म्हणायचो. ती पदराआड हसायची.

पापुद्रा बसवायला चार दिवस उरले होते आणि सर पुण्याला गेले होते. सकाळी बघतो तर पाणी पिवळंजर्द! स्वच्छ होतं, खालून पेशीही दाटीवाटीनं दिसत होत्या. वहीत लिहून गप्प बसायचं की नाही? पण माझ्या डोक्यात पिवळं म्हणजे आंबलेलं. जीव राहिना. झाकण उचललं, नाक खाली नेलं आणि हुंगलं. कसलाच वास नव्हता. वर बरंसुद्धा वाटलं मला. गाढवपणा, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी लव आली.

"झाकण उघडलं होतंस?" परत आल्यावर सरांनी विचारलं.

"नाही, सर."

त्यांनी विश्वास ठेवला. त्याची लाज मला आजही वाटते. पुन्हा तुकडा घेऊन वाढवायला दोन महिने गेले असते आणि दात तेवढे टिकणारे नव्हते. ते काढायचं ठरलं.

त्या दिवशी बाई बाहेर बाकावर बसली होती. बुरशीचं तिला सरांनी सांगितलं होतं.

"भाऊ, त्याच्या आधी ते चांगलं हुतं का?"

"चांगलं होतं, ताई. लई चांगलं."

"मग माझंच नशीब. तुमी तरी किती जपलं त्याला," ती म्हणाली आणि पदर न धरता हसली. ते दोन दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग सरांनी तिला आत बोलावलं.