मराठीतले वेढे

तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, राजवाड्यामागच्या गल्लीतला मोटार वाइंडिंगवाला दिवसभर तमिळ बोलतो, पण तांब्याच्या तारेचे वेढे घरच्या मराठीत मोजतो, तेही ओठांतल्या ओठांत. मध्येच हाक मारली तर नुसतं बोट वर करतो. "वेढे कमी पडले तर मोटार जळते, अक्का," असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. दुकान म्हणजे तापलेला पत्रा आणि व्हार्निशचा वास. एवढी कला हातात, आणि मजुरी विटा वाहणाऱ्याइतकी! मला चीड येते.

काल माझ्या पंपाची मोटार त्याच्यापुढे होती. वेढे साठ हवे होते. तार वाचवायला दुकानाचा मालक तमिळमध्ये ओरडला, "पन्नास पुरे!"

त्याचा हात थांबला नाही. मालकाकडे बघत तो पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला, "एक्कावन्न."