मोहाखालची झाडलोट

केसरबाई भांडखोर होती का? छे हो! तोंडानं फटकळ, एवढंच. पण शेजारच्या देवाजीला तिनं कोर्टात खेचलं, तेव्हा मूल तालुक्यातल्या त्या लहानशा गावानं तोंडात बोटं घातली.

कारण काय, तर मोहाचं झाड. दोघांच्या धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभं. अलीकडं पडलेली फुलं केसरबाईची, पलीकडची देवाजीच्या बायकोची, रंभाची. सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. पहाटे दोघी एकमेकींना टोमणे मारत वेचायच्या. मग जमिनीची मोजणी झाली, झाड देवाजीच्या हद्दीत निघालं अन् तो म्हणाला, "सावलीनं माह्या धानाचा नास होते. तोडतो." नवरा गेल्यावर त्याच झाडाची फुलं विकून केसरबाईनं घर चालवलं होतं. ती तडक उठली अन् कोर्टातून मनाई आणली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला झाडावा लागतो. अन् तिकडचा कायदा साधा: जो झाडेल तो वेचेल. त्या फागुनात केसरबाईनं आपली बाजू झाडली, पण हात काही थांबेना. रंभा पाय मोडून खाटेवर पडलेली. तिच्या वाटचं कोण झाडणार? फिरता फिरता बाईनं पलीकडची बाजूही लख्ख केली. भान आलं ते देवाजी धुऱ्यावरून ओरडला तेव्हा.

"काऊन वं केसरबाई? मोजणीत हारली, तं आता झाडून झाड घेऊन राह्यली का?"

अगं बाई, सारं गाव हेच म्हणणार!

"डोस्कं फिरलं का तुमचं, देवाजीभाऊ? रंभाचा पाय धड असता तं तिनंच झाडलं असतं. तिची फुलं का पाल्यात सडू देऊ?"

देवाजीनं लख्ख झाडलेली जमीन पाहिली. रंभाला बघायला अख्खं गाव येऊन गेलं होतं, पण तिच्या कामाला कुणाचा हात लागला नव्हता.

कोर्टाच्या पुढच्या तारखेला न्यायाधीश साहेबांनी विचारलं, तडजोड होते का? देवाजी उठला.

"झाड तोडत नाई, साहेब. आमच्याकडं जो झाडते तो वेचते. बाईनं सारं झाडलं. सारी फुलं तिची."

जिंकली की बाई! पण तिच्या डोळ्यांपुढं खाटेवरची रंभा आली अन् ती उठून उभी राहिली.

"नाई साहेब. अर्धं म्या रंभाच्या नावानं झाडलं. तिचा वाटा तिले लिहा."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. एरवी मोठा ताठ गडी, पण देवाजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "आता घरी चाल, बाई. रंभा रोज विचारते, केसर काऊन येत नाई म्हणून."

"रोज? कधीपासून?"

"पाय मोडला तेव्हापासून."

"अन् हे तुम्ही मले आत्ता सांगून राह्यले?" केसरबाई कडाडली, अन् तिथंच कोर्टाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली.