बॅगेला फॉल

कांदिवलीच्या त्या चाळीत नवी साडी आली की ती आधी रत्नप्रभाच्या मांडीवर यायची, नेसणारीच्या अंगावर नंतर. पायाशी काठाच्या आतून फॉल लावायचा, पदराला बिडिंग करायचं, आणि सगळं हाताने, असं की उजव्या बाजूला टाका दिसता कामा नये. शेजारची शकु म्हणायची, "वैनी, तुझा टाका शोधायला भिंग लागेल गं." रत्नप्रभा दातांनी दोरा तोडायची आणि नुसती हसायची.

तिचा नवरा काशीराम मात्र उघड्या टाक्याचा माणूस. गिरणीत मागावर होता. संप लांबत गेला आणि नोकरी हातची गेली तेव्हा त्याने एक जुनं पायमशीन घेतलं. मरोळच्या ताडपत्रीच्या कारखान्यातून उरलेलं कॅनव्हास आणायचं आणि गावी जाणाऱ्यांसाठी मोठ्या बॅगा शिवायच्या, हा त्याचा नवा धंदा. तळाच्या जोडावर तो एकाशेजारी एक अशा तीन शिवणी मारायचा. "शिवण दिसली पाहिजे," म्हणायचा, "मग माणूस भरवशाने सामान भरतो."

पहिल्याच गणपतीत त्या भरवशाची वाट लागली. त्याच्या कोकणातल्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस सीतारामतात्या काशीरामची बॅग घेऊन निघाले होते. एस.टी.च्या टपावरून ती खाली ओढली तेव्हा तळ वर राहिला आणि सामान खाली आलं. आरतीच्या झांजा, बायकोच्या साड्या, नातवाचे बूट, सगळं फाट्यावरच्या चिखलात. सुईच्या इतक्या भोकांनी कापड आधीच पोखरलं होतं. टपावर घासलं जाताच ते भोकांच्या रेघेवर सरळ फाटलं.

तात्यांनी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर फाटका तळ उंच धरला. "मेल्या काशीराम, बॅग शिवलस की पोस्टाची तिकिटां रे?"

हसणं बराच वेळ चाललं. काशीराम खाली मान घालून घरी आला, पण हरला नव्हता. गावाकडे होडीच्या फळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडतात. समुद्र ज्याला खात नाही, त्याला एस.टी. काय खाणार? त्याने तात्यांसाठी नवी बॅग शिवली, या वेळी एकाच शिवणीची, आणि जोडावर ते काळं तेल भरपूर घासलं. रत्नप्रभा म्हणाली, "अहो, हे अंगाला लागलं तर भाजतं."

"होडी भाजते काय?"

"होडी कुणी खांद्यावर घेत नाही."

जत्रेला जाताना गाडीत जागा नव्हती म्हणून तात्या अर्धी वाट बॅग खांद्यावर टाकून उभे होते. गाडीतल्या उकाड्याने तेल पाझरलं. देवळात पोचले तेव्हा पांढरा सदरा काळा आणि खालचा खांदा लाल फोडांचा. परत आल्यावर ते थेट काशीरामच्या दारात उभे राहिले. "पयली बॅग उसवली, आता मी सोलवटलंय! शिमग्याक बॅग दी, नायतर गावाचा नाव घेव नको."

त्या संध्याकाळी काशीराम मशीनवर झाकण घालून बसला. "आता एकदाच," तो म्हणाला. "शिमग्याला उसवली तर मशीन विकून टाकतो. बोरिवलीत एका सोसायटीला वॉचमन हवाय."

मागावर उभा राहिलेला हा माणूस. कापडाला हात लावला की त्याची बोटं अजून जिवंत व्हायची. तो हातात काठी घेऊन कुणाच्यातरी फाटकाशी बसलाय, हे चित्र रत्नप्रभाला नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी शकु एक जुनी नारायणपेठी घेऊन आली. "फॉल बदलून दे गं. बघ काय झालंय." टाचेशी घासून फॉलच्या चिंध्या झाल्या होत्या. रत्नप्रभाने तो उसवून काढला आणि साडीचा काठ उजेडाकडे धरला. काठ नवाच्या नवा होता. जरीची एकही तार सुटली नव्हती.

तिने काठावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. "वैनी, काय झालं?" शकुने विचारलं.

"काही नाही. तुझ्याकडे खाटेची जुनी नवार आहे का?"

खाट विणायच्या जाड सुती पट्टीची ती नवार मिळाली. काशीरामने तात्यांसाठी रात्रीच शिवून ठेवलेली एकाच शिवणीची नवी बॅग रत्नप्रभाने उलटी मांडीवर घेतली. तळाचा जोड चारी बाजूंनी वर उठून दिसत होता. जमिनीला, टपाला, दोरखंडाला आधी तोच लागायचा. तिने त्यावर नवारीची पट्टी पांघरली, कोपऱ्यांवर चुणी घालून दुहेरी केली. मेण चोळलेला दोरा ओवला आणि दाभणाने लांब-लांब टाके घेतले, जोडाला सुई न लावता, त्याच्यापासून दूर, कापडाचे दोन-चार धागेच उचलून.

काशीराम दारातून बघत होता. "हे काय चाललंय?"

"फॉल."

"बॅगेला?" त्याचा आवाज चढला. "लोक आधीच हसतायत. आता म्हणतील, काशीरामने बॅगेला साडी नेसवली!"

"म्हणू देत."

"माझी शिवण झाकतेयस तू."

"शिवण तुमचीच राहील," ती मान वर न करता म्हणाली. "झीज तेवढी माझ्याकडे द्या. ही पट्टी झिजली की काढून दुसरी लावू. तुमच्या शिवणीला धक्का लागणार नाही."

तो दारातून आत आला. समोर बसला आणि बॅगेचं दुसरं टोक ताणून धरलं.

शिमग्याला मंडळाने गाडी ठरवली. बॅग टपावर चढताना कुणीतरी ओरडलं, "तात्यानू, फॉल मॅचिंग आसा मां?" सगळी गाडी खिदळली. काशीराम खिडकीबाहेर बघत राहिला. रत्नप्रभा ताठ बसली होती, पण घाटातल्या प्रत्येक वळणावर टपावर काहीतरी सरकल्याचा आवाज येई आणि तिची बोटं पदराचं टोक पिळत राहत.

फाट्यावर बॅगा टपावरून धपाधप खाली आल्या. तात्यांची बॅग कोपऱ्यावर आपटली. पुढे गावापर्यंत जांभ्या दगडाची चढण. तात्यांच्या भाजलेल्या खांद्याने ओझं घ्यायला नकार दिला, म्हणून त्यांनी बॅग पट्ट्याला धरून फरफटत नेली. दगडांवरून ती खरखर, खरखर ओढली जात होती आणि रत्नप्रभा मागून चालत तो आवाज ऐकत होती. तिला वाटलं, दगड आपल्याच पाठीवरून जातायत.

संध्याकाळी शिमग्याच्या मांडावर, देवळासमोरच्या पटांगणात, गाव जमलं. तात्या बॅग घेऊनच आले. सगळ्यांच्या मधोमध त्यांनी ती उलटी ठेवली. नवारीच्या चिंध्या झाल्या होत्या. कोपऱ्यावर तर तिची नुसती लक्तरं लोंबत होती.

"गेली," कुणीतरी पुटपुटलं.

काशीरामने डोळे मिटून घेतले. तात्यांनी खिशातून चाकू काढला, दोरा कापला आणि पट्टी ओढून बाजूला टाकली. खालचा जोड होता तसा होता. एकही टाका हलला नव्हता. तात्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा पूर्ण वेढा घेऊन. मग बॅग डोक्यावर धरून ते देवाकडे वळले आणि त्यांनी देवाला साकडं घालायच्या गाऱ्हाण्याचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावाने सवयीने उत्तर दिलं.

"ह्या काशीरामाच्या बायलेन बॅगेक फॉल लावल्यान, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता हसू फुटत होतं.

"आमी तिका हसलाव, ता आमचा चुकला, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिच्या हाताक असाच यश दी, आणि माज्या खांद्याक आराम दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज काशीरामचा होता. ढोल सुरू झाले तरी तो रत्नप्रभाकडेच बघत होता, आणि ती, आयुष्यात पहिल्यांदा भर मांडावर, मान खाली न घालता उभी होती.

सकाळी ती मागच्या दारी तोंड धुवायला गेली तर पडवीत बॅगा उभ्या. शेजारच्या, वरच्या वाडीतल्या, काही तर काशीरामने न शिवलेल्या. बायका पायरीवर बसून होत्या. एकीने काशीरामला विचारलं, "भावोजी, किती दिवसांनी देशाल?"

"मला नको विचारू," तो म्हणाला. "माझं काम शिवणीपुरतं. कुठली घ्यायची, कुठली नाही, ते तिला विचार."

रत्नप्रभाने पदर खोचला आणि पहिली बॅग उचलून उलटी केली. तळाला वर्षाची धूळ, माशांच्या टोपलीचा वास.

"ही कुणाची गं?" तिने विचारलं. "आधी धुऊन, उन्हात वाळवून आण. घाणेरड्या बॅगेला मी हात लावत नाही."