नापासांचा वर्ग

साहेब दहावी नापास होते. एकदा नाही, दोनदा. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ते गेल्यावर ट्रस्टने जी स्मरणिका काढली तीत 'बालपणापासून कुशाग्र बुद्धीचे' असं छापलंय, आणि ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुशाग्र होतेच. पण गणिताच्या पेपरला नव्हते, आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे.

नांदगावहून सातपूरला आले ते कारखान्यात झाडू मारायला. लेथखालचा लोखंडाचा चुरा गोळा करता करता मशीन शिकले, फोरमन झाले, मॅनेजर झाले आणि मग अंबडला स्वतःचा कारखाना टाकला. तिथे मी पॅकिंगला लागले. मी सिन्नरची, मीही दहावी नापास. एक दिवस मला म्हणाले, "खोकी भरून कंटाळा नाही येत का, बाई? लेथवर उभ्या राहा." लेथवर बाई म्हणजे तेव्हा लोकांना तमाशाच. हसले सगळे. हसू देत, माझं काय जात होतं? मी लेथ शिकले.

हातात पैसा खेळायला लागला तसा साहेबांनी ट्रस्ट करून मागच्या शेडमध्ये फुकट वर्ग काढला, मलाही ट्रस्टवर घेतलं आणि वर्ग माझ्यावर सोपवला. बाहेर पाटी लावली, नापासांचा वर्ग. सहा महिने फिटिंग आणि लेथ शिकायचं, दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचं. अट एकच, नापास झाल्याची मार्कशीट दाखवायची. पास झालेला कुणी आला की साहेब हात जोडायचे, "तुला बाकीची दारं उघडी आहेत, राजा. ही जागा दुसऱ्याची आहे." एका वर्षी येवल्याकडची एक मुलगी थोरल्या बहिणीची मार्कशीट घेऊन आली. स्वतः फर्स्ट क्लासात पास, आणि प्रवेशासाठी खोटं काय बोलली, तर मी नापास आहे. दुसऱ्याच दिवशी पकडली गेली. साहेब पोट धरून हसले आणि स्वतःच्या गाडीत बसवून तिला आयटीआयचा फॉर्म भरायला घेऊन गेले.

गेल्या वर्षी साहेब गेले आणि ट्रस्ट मुलाकडे आला. पहिल्याच मीटिंगला त्याने ठराव आणला. पाटी बदलायची, 'कौशल्य विकास केंद्र' करायचं, वर साहेबांचं नाव हातभर अक्षरांत, आणि प्रवेशाला दहावी पासची अट. बाकीचे ट्रस्टी नंदीबैलासारखे माना डोलवत होते. ट्रस्टी मीही होते. मी हात वर केला नाही.

"मावशी, बाबांच्या नावाशेजारी 'नापास' बरं दिसत नाही हो," मुलगा म्हणाला.

"मग नाव काढ, वर्ग राहू दे," मी म्हटलं. "नाकापेक्षा मोती जड कशाला करतोस?"

त्याला ते लागलं. ठराव पास झाला आणि वर मला सांगण्यात आलं की हीच अट आता शिकवणाऱ्यालाही लागू आहे, तेव्हा पुढच्या महिन्यापासून मी आराम करावा. घरी जाऊन रडले, खोटं कशाला सांगू? पण मला आरामाची सवय नाही.

प्रवेशाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. नव्या पाटीखाली टेबल मांडलेलं, आणि पास झालेलं एकही पोर आलेलं नाही. येईल कशाला? त्यांना आयटीआय आहे, कॉलेज आहे. गेटबाहेर मात्र वॉचमनने अडवलेले अकरा जण उभे होते. सुरगाण्याकडची एक मुलगी पहाटेच्या एसटीने आली होती. ती त्याला विचारत होती, "नापास आता चालत नाय का?"

शेडची किल्ली माझ्याकडेच होती. कुणी मागितली नव्हती, मी दिली नव्हती. वॉचमनला म्हटलं, सरक बाजूला. सरकला बिचारा. मी अकराही जणांना आत घेऊन शेड उघडली, तोवर मुलगा ऑफिसातून धावत खाली आला.

"मावशी, हे नियमात बसत नाही."

"नाहीच बसत," मी म्हटलं. "अरे, तुझ्या बापाच्या हातात ज्याने झाडू दिला, त्याने आधी मार्कशीट मागितली असती, तर आज तू कुणाचा चेअरमन असतास?"

तो त्या अकरा जणांकडे एकदा बघून जिना चढून वर गेला. मी लोखंड घासायच्या कानशी वाटायला घेतल्या. माझा पगार त्यांनी बंद केलाय. करू देत. सकाळी आठला शेड मी उघडतेच.