मामंजींसमोर मूल घ्यायचं नाही

मामंजी ओसरीवर खाकरले की आमच्या घरातली मुलं धपाधप जमिनीवर यायची. खोटं नाही सांगत. पोर बापाच्या कडेवर खेळत असो की खांद्यावर झोपलेलं असो, माझ्या सासऱ्यांची चाहूल लागली की बाप त्याला खाली ठेवून मोकळा. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायचं नाही, अशी रीत. आता तुम्ही हसाल, पण त्या काळी कल्याणात घरोघरी हेच. बापानं पोर घेतलं की तो बायकोच्या मुठीत गेला म्हणायचे.

मामंजींची भाताची वखार खाडीवर, बंदराजवळ. आगगाडी आल्यापासून मालाच्या पडावांची वर्दळ कमी होत चालली होती, पण त्यांचा दरारा तस्साच. काहीही विचारा, उत्तर एकच, "आमच्या वडिलांच्या वेळी काय होतं? तेच." आमटीत गूळ किती घालायचा, तेसुद्धा वडिलांच्या वेळचं! मी नवी होते तेव्हा मनात म्हणत असे, त्या वडिलांनाच एकदा बोलावून आणा, म्हणजे मिटलं.

पण माणूस दुष्ट नव्हता हो. माझ्या बाळंतपणात त्यांनी वखारीतला जुना आंबेमोहोर निवडून पाठवला, आणि वर सासूबाईंना बजावलं, "मी दिला म्हणून सूनबाईंना सांगू नका." सासूबाईंनी लगेच सांगितलं, हे वेगळं.

एक मात्र मला खुपायचं. आजोबानं नातवंड घ्यायला कुठल्याच रीतीची आडकाठी नाही, तरी मामंजी एकाही पोराला हात लावत नसत. एकदा सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा विचारलंच.

"आमची पहिली मुलगी होती, ठकी," त्या म्हणाल्या. "तापानं गेली. शेवटी यांच्याकडे हात पसरून रडत होती गं. समोर यांचे वडील बसलेले. हे नुसते उभे राहिले. नंतर स्मशानात नेलंसुद्धा शेजारच्यांनी तिला. त्यानंतर यांनी तिचं नाव म्हणून काढलं नाही."

पुढे माझी गोदी तापली. दोन वर्षांची होती. वैद्यांनी हात टेकले. मी उशाशी बसलेली, दारात इकडची स्वारी, आणि खांबाला टेकून मामंजी. गोदीनं बापाकडे हात केले. स्वारीनं आधी मामंजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उचल तिला," मामंजी म्हणाले.

स्वारी जागची हलेना. जन्माची सवय ती! "आपण इथं असताना..."

"मी इथून जाणार नाही. माझ्यासमोर घे."

घेतलं. गोदी बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली, आणि संध्याकाळी तिथंच गेली. त्या मेल्या रीतीला मी आजही शिव्या घालते. पण माझ्या लेकीला शेवटी बाप मिळाला तो मामंजींमुळे, हेही मी विसरत नाही.

एवढ्याशा जिवाला तिरडी नसते, हातांवरच न्यायचं. अंगणात माणसं जमली. भाऊबंदांतले एक म्हातारे पुढे झाले. "वडील समोर असताना बापानं नेऊ नये. आणा तिला इकडे." स्वारी गोदीला हातांवर घेऊन त्यांच्याकडे वळली, तोच मामंजी मध्ये येऊन उभे राहिले.

"त्याच्याजवळच राहू दे," ते म्हणाले. "माझी दुसऱ्याच्या हातांवरून गेली."

माझ्या शेजारी सासूबाई मटकन खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या तोंडून 'माझी' हा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी हंबरडा फोडला, तो गोदीच्या नावानं नव्हे, ठकीच्या.