लढाऊ नको म्हणून

ताडकळसच्या मनकर्णाबाईला लांडग्याचं भ्या नव्हतं. रानात मेंढरं बसवून, उशाला गोफण घेऊन निजलेली बाई ती. पण पोरगा शिवशंकर वायुदलात विमान चालवायचं शिकायला गेला अन् तिनं जी हाय खाल्ली, ती खाल्लीच. आभाळात नुसती घरघर झाली तरी तव्यावरची भाकर करपायची.

त्यात एक दिवस पोरानं फोनवर सांगितलं, की आता आमची वाटणी व्हायची हाय. कुणाला लढाऊ विमान, कुणाला हेलिकॉप्टर, कुणाला सामान नेणारं मालवाहू. त्याला लढाऊच पाहिजे होतं. नवरा येडबा तर हवेतच. बाजारात ज्याला-त्याला धरून सांगायचा, की आमचं पोरगं झुंजीचं विमान उडवणार. मनकर्णाबाईला मात्र ते ऐकवत नव्हतं. दीर रामहरीनं मोबाईलवर पेटत खाली येणारं एक लढाऊ विमान तिला दाखवलं होतं. काय गरज होती मेल्याला दाखवायची! तवापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटी ती बिरोबाच्या ठाण्यावर गेली अन् कुणाला न सांगता नवस बोलून बसली, की लेकराला लढाऊ देऊ नको, माल न्यायचं विमान दे, बोकड कापून तुझी कंदुरी करते. तिचा हिशोब सरळ होता. मालवाहू म्हणजे आपलं बिऱ्हाडाचं घोडं. पोती, पेट्या लादायच्या अन् सावकाश चालायचं. त्याच्याशी कोण झुंजायला येतंय?

अन् झालं तसंच. शिवशंकरला मालवाहू मिळालं. पोरगा पार हिरमुसला होता. दोन शब्द बोलून त्यानं फोन ठेवला. येडबा बाजारात जायचाच बंद झाला. मनकर्णाबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. कळपातला चांगला बोकड धरून तिनं कंदुरी घातली. लोकांना सांगितलं, पोरगं पास झालं म्हणून. रस्सा वाढताना बाई लय दिवसांनी हसत होती.

पुढं शिवशंकरची बदली लडाखकडं झाली. एका सांजेला फोन आला. उद्या डोंगरातल्या धावपट्टीवर पहिल्यांदा त्याच्या हातानं विमान उतरवायचं होतं. दोन्ही अंगांनी उंच कडे, हवा पातळ, अन् चुकलं तर वळायला जागा कमी. पोराला आता ते विमान आवडायला लागलं होतं, बोलण्यातच कळत होतं. मनकर्णाबाईनं बिनघोर सल्ला दिला, की लय जड झालं तर माल दे ढकलून अन् छत्री घेऊन मार उडी. पोत्यापायी जीव घालू नको.

पोरगा हसला. मग म्हणाला, "माय, ती छत्रीची खुर्ची लढाऊ विमानाला असती. दांडी ओढली की माणसाला भाईर फेकती. आमच्यात न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई. अन् उद्याचा माल म्हंजे पोती न्हाईत गं. सुट्टीवरून परत चाललेली जवान पोरं हायती. त्यायला टाकून कुठं उडी मारू?"

मनकर्णाबाईला आपला नवस आठवला. त्या लढाऊ विमानात जीव वाचवायची खुर्ची होती, अन् तिनं बोकड देऊन ती पोराच्या बुडाखालून काढून घेतली होती. आता हे सांगावं कुणाला? येडबाला सांगितलं तर तो घर डोक्यावर घेईल. पोराला सांगायची तर सोयच नव्हती. जपून ये, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळी ती पुन्हा बिरोबापुढं उभी राहिली. लढाऊ दे म्हणावं, तर डोळ्यापुढं ते पेटतं विमान. आहे ते राहू दे म्हणावं, तर ती खुर्ची. आपल्याच पोराला वाचव म्हणावं, तर मागं बसलेल्या पोरांच्या आया आठवायच्या. आपल्या तोंडून शब्द जातो अन् देव त्याचं भलतंच काही करतो, असं वाटून बाईनं तोंडावर पदर दाबून धरला. देवाशी बोलायचंच तिला भ्या वाटलं. काही न मागता ती घरी आली अन् फोन मांडीवर घेऊन बसली. मेंढरं वाड्यात ओरडत होती, तिला ऐकू येत नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"उतरलो, माय."

मागं पोरं हसत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं. मनकर्णाबाईला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "परत कवा उडायचंय रं?"

"उद्या," शिवशंकर म्हणाला. "आता रोजचंच हाय ते."