न कापलेली पट्टी

सहादू पगारे गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट होता. नववी नापास, पण तक्ते बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. प्राध्यापकांच्या पदव्या दारावरच्या पाटीत मावत नसत. तक्ता मात्र सगळ्यांना सहादूचाच लागे.

२००८ साली मंजुषा मॅडमच्या पीएचडीचं सादरीकरण चार दिवसांवर आलं होतं. द्राक्षाच्या वेलीतलं एक प्रथिन गुणसूत्रावर बसून जनुकं बंद करतं, असा त्यांचा दावा. सहादूने विचारलं तेव्हा हातातलं काम ठेवून त्यांनी समजावलं. डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळातून बाहेर लोंबणाऱ्या शेपटावर एक खूण असते. काही प्रथिनांमध्ये ती खूण पकडणारा भाग असतो, क्रोमोडोमेन. त्यातली तीन ठरावीक अमिनो आम्लं खुणेला चिमटीत धरतात. एक जरी नसलं, तर पकड सुटते.

प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर. सहादूने बारा प्रथिनांची अक्षरं कागदी पट्ट्यांवर लिहिली, पट्ट्या एकाखाली एक मांडल्या आणि ती तीन अक्षरं लाल केली. माशी, उंदीर, माणूस करत अकरा पट्ट्या सरळ बसल्या. द्राक्षाची मात्र मॅडमच्या कॉम्प्युटरच्या प्रिंटप्रमाणे तीन ठिकाणी कापून सरकवली, तरच तिसरं लाल अक्षर रांगेत येई. नाहीतर तिथं भलतंच अक्षर.

नोकरीत तोंड मिटून राहण्याचे फायदे त्याला चांगले ठाऊक होते. तरी तो पट्टी घेऊन गेलाच.

"मॅडम, ही कापल्याबिगर बसत नाय. बाकीच्या अकरा बसत्यात."

"सहादूभाऊ, तुम्ही फक्त चिकटवा," मॅडम फटकन म्हणाल्या.

तासाभराने त्या स्वतः आल्या. पट्टी मागेपुढे सरकवून पाहिली आणि स्टुलावर बसून आपला प्रिंट पुन्हा तपासला. अक्षरं जुळवताना कॉम्प्युटरने सोडलेल्या मोकळ्या जागा त्यांनीच आपल्या सोयीने वाढवल्या होत्या.

सादरीकरणात त्यांनी पट्टी अखंडच लावली, तिसरं अक्षर नाही म्हणजे पकडही नाही असं सांगितलं आणि दावा मागे घेतला. भल्याभल्यांना हे जमत नाही. समितीने आणखी दोन वर्षांचं काम सांगितलं. मॅडमचं आपण वाटोळं केलं म्हणून सहादू सामानाच्या खोलीत जाऊन रडला.

मॅडम शोधत आल्या. "अहो, तुम्ही कापून चिकटवली असती तर कुणालाच दिसलं नसतं."

"दिसलं नसतं, मॅडम," सहादू डोळे पुसत म्हणाला, "त्याचंच तर लय भ्या वाटलं."